उंदराचं पोट आणि माणसाचं पोट

(गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महाशय, काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घाटावरची मंडळी, माझ्यासारखे नोकरीपायी इथे येऊन स्थिरावलेले लोक, आणि कारखान्यातले माझे सहकारी, ज्यांना मराठी निम्मंच कळतं पण मोदक पूर्ण कळतात, त्या सर्वांना नमस्कार.

चिटणीसांनी मला दरवर्षीप्रमाणे 'रेल्वे इंजिनाच्या गमती' हा विषय दिला होता. मी म्हटलं, या वेळी पोटावर बोलतो. त्यांना वाटलं महाप्रसादाच्या नियोजनावर बोलणार. तसं नाही. मला पोटातल्या अल्सरवर आणि त्यावरच्या झाडपाल्याच्या औषधांची परीक्षा कशी घेतात त्यावर बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. मिरजेला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो, आणि आयुष्यभर एकच काम केलं, यंत्र चाचणीत पास आहे की नापास ते बघायचं. त्यामुळे औषधाचीही चाचणी असते हे कळल्यावर मी त्यात जरा जास्तच गुंतलो. गुंतायचं कारण मात्र वेगळं होतं. ते आधी सांगतो.

आमचे अण्णा मालगाडीवर गार्ड होते. ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात तेच काम. अवेळी जेवण, ब्रेकव्हॅनमधला चहा, विडी. त्यांना अल्सर होता. आमच्या लहानपणी घरात दोन वस्तू कायम असायच्या: दूध आणि ज्येष्ठमधाची पूड. दर दोन तासांनी दूध प्या, तिखट बंद, डोक्याला ताप करून घेऊ नका, असं तेव्हा सगळेच डॉक्टर सांगत. आई ज्येष्ठमध वस्त्रगाळ करून डब्यात भरून द्यायची. अण्णांना बरं वाटायचं, मग पुन्हा दुखायचं. शेवटी १९८६ साली त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आम्ल कमी व्हावं म्हणून जठराकडे जाणारी नस कापायची आणि जठराला आतड्याशी नवी वाट काढून द्यायची, असं ते ऑपरेशन. मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर ते पोटभर असे कधी जेवलेच नाहीत. पंगतीत बसायचे आणि पहिल्या वाढपालाच उठायचे.

आता २०२३ चा पावसाळा. माझी कंबर धरली होती. केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठी वगैरे काही नाही, आणि जवळजवळ दोन महिने रोज दोन घेतल्या. पोटात जळजळ सुरू झाली. फोनवर आईला सांगितलं. आठवड्यात मिरजेहून पार्सल आलं, त्यात तोच डबा. "सकाळ-संध्याकाळ चमचाभर घे रे, तुझ्या अण्णांना याच्यानेच आराम पडायचा." घेतली. आणि जळजळ थांबली! मी खूश, आई माझ्याहून खूश. गोळ्या चालूच, पूडही चालूच.

पुढे शौचाला काळं होऊ लागलं. डांबरासारखं काळं आणि चिकट. मला वाटलं पुडीचा रंग उतरत असेल. पूड पिवळसर, शौच काळं, हे सुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. इंजिनाच्या सायलेन्सरमधून असा धूर निघाला असता तर मी गाडी बाहेर सोडली नसती. चौथ्या दिवशी सकाळी बूट घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. दवाखान्यात हिमोग्लोबिन ६.१. रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. त्या देणारे तिघेही आज समोर बसले आहेत, एक जण पंगतीसाठी मागे पत्रावळी मांडतोय. त्यांची नावं घेतली तर ते रागावतील.

दुर्बीण घातली. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर, त्यातून रक्त. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून एका पिवळ्या जेलीत टाकला, ती थोड्या वेळात गुलाबी झाली. म्हणजे जंतू हजर. रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम खूप कमी निघालं. तरुण डॉक्टरने ते वाचलं आणि मान वर करून एकच प्रश्न विचारला, "आप मुलेठी तो नहीं खाते?" मला वाटलं हा ज्योतिषी आहे.

बरा झाल्यावर या प्रश्नाचा पाठपुरावा मी केला. आपल्या आरतीला येणारे एक बंगाली वयोवृद्ध गृहस्थ आहेत, औषधशास्त्रात त्यांची हयात गेली. नाव छापू नका म्हणाले आहेत. मी त्यांच्याकडे रविवारी जाऊ लागलो. चहा त्यांचा, प्रश्न माझे. पुढचं जे सांगतो त्यातलं बरंचसं तिथे शिकलो, उरलेलं वाचून.

आधी उंदीर. वनस्पतीत अल्सरवर गुण आहे का हे बघायचं तर माणसाला एकदम देता येत नाही, म्हणून पांढऱ्या उंदरापासून सुरुवात. वनस्पती वाळवायची, कुटायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. खाली जो चिकट अंश राहतो तो अर्क. शंभर ग्रॅम पुडीतून कधी दहा ग्रॅम निघतो, कधी त्याहून कमी. पाण्यात उतरतं ते अल्कोहोलमध्ये उतरेलच असं नाही, तेव्हा एकाच मुळीचे दोन अर्क म्हणजे दोन वेगळी औषधं समजा.

मग उंदराला अल्सर करावा लागतो, कारण त्याला आपल्यासारखा आपोआप होत नाही. याच्या ठरलेल्या रीती आहेत. सगळ्यात जुनी आणि प्रसिद्ध रीत शे नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४५ साली दिली. उंदराला उपाशी ठेवायचं, भूल देऊन जठराचं खालचं तोंड दोऱ्याने बांधून टाकायचं. आम्ल साचतं आणि काही तासांत आतून फोड येतात. दुसऱ्या रीतीत ॲस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन पाजतात, तिसऱ्यात अल्कोहोल, चौथ्यात उंदराला जाळीत जखडून थंडीत ठेवतात, म्हणजे ताणाचा अल्सर. ॲसेटिक ॲसिड लावून जुनाट जखम करायची रीत जपानी लोकांनी १९६९-७० च्या सुमारास बसवली, तिच्यात जखम भरते की नाही हे बघता येतं. उंदरांच्या टोळ्या करतात, एकेका टोळीत साधारण सहा. एका टोळीला नुसतं पाणी, एकीला अर्क, एकीला माहीत असलेलं औषध, जसं रॅनिटिडिन किंवा ओमेप्राझोल. मग जठर उघडून भिंगाखाली फोड मोजायचे आणि गुण द्यायचे. गुण देणाऱ्याला कुठलं जठर कुठल्या टोळीतलं हे सांगायचं नसतं. ही शेवटची अट मला फार आवडली. आमच्याकडे अल्ट्रासॉनिकने ॲक्सल तपासणाऱ्याला कोणी आधी 'हा चांगला आहे' म्हणून सांगितलं तर त्याला तडा दिसेनासा होतो, हा माझा अनुभव आहे.

आता या शहराची गोष्ट. आपल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेत गोयल, सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या केळ्यावर बरीच वर्षं काम केलं. सन्यालांचे केळ्यावरचे लेख १९६० च्या दशकापासून आहेत. १९८६ साली त्यांनी छापलं की भाजीच्या कच्च्या केळ्याची वाळवलेली पूड दिली तर उंदरांना ॲस्पिरिन आणि तत्सम औषधांनी होणारे अल्सर कमी होतात. गंमत अशी की पूड आम्ल मारत नव्हती, तर जठराचं अस्तर घट्ट करत होती. चिकट थर वाढत होता आणि अस्तराच्या पेशी जास्त वेगाने तयार होत होत्या. इंग्लंडमध्ये लुईस आणि इतरांनी १९८४ पासून हाच धागा पकडला आणि १९९९ साली कच्च्या केळ्यातला ल्युकोसायनिडिन नावाचा पदार्थ वेगळा काढून दाखवला. म्हणजे नुसतं 'केळं चांगलं' यावर न थांबता केळ्यातलं नेमकं काय, इथपर्यंत गेले. हे खरं काम. मात्र हे सगळं कच्च्या भाजीच्या केळ्याच्या पुडीवर झालं आहे. बाप्पापुढे ठेवलेल्या पिकल्या केळ्यांबद्दल कोणी काही सिद्ध केलेलं नाही, तेव्हा प्रसाद म्हणून खा.

मी त्या गृहस्थांना विचारलं, मग उंदरात पास झालेल्या वनस्पती किती? ते हसले. म्हणाले, शेकडो. शतावरी, आवळा, कडुनिंब, हळद, ब्राह्मी, बेल, तुळस, नाव घ्या, कोणीतरी छापलेलं आहे. "उंदराला बरं करणं कठीण नाही. पास न होणारी वनस्पती सापडली तर मला कळवा."

यावर मला आमचा टेस्ट बेड आठवला. डिझेल इंजिन बांधून झालं की ते टेस्ट बेडवर चालवून बघत. पूर्ण लोड देत, तापमान, दाब, धूर सगळं लिहून घेत. तिथे नापास झालं तर बाहेर जायचा प्रश्नच नाही. पण तिथे पास झालं म्हणजे मे महिन्यात घाटात पूर्ण मालगाडी ओढेल असं थोडंच आहे? टेस्ट बेडवर धूळ नाही, चढ नाही, ड्रायव्हर नाही. टेस्ट बेड आवश्यक आहे, पण ती लाइन नव्हे. उंदीर हा टेस्ट बेड.

आणि हा टेस्ट बेड काही बाबतीत माणसाच्या लाइनशी जुळतच नाही. दोन उदाहरणं देतो. शेच्या रीतीत उंदराला जे फोड येतात ते जठराच्या पुढच्या पिशवीसारख्या भागात, आणि हा भाग माणसाच्या जठरात नाहीच. दुसरं जास्त मोठं. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल अल्सरच्या रुग्णांच्या पोटातला वाकडा जंतू वाढवायचा प्रयत्न करत होते. दोन दिवसांत वाढ दिसली नाही की बशा फेकून देत. ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू वाढलेला सापडला. तोच हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शलने १९८४ साली त्या जंतूचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. अल्सरची दोन मोठी कारणं आता धरतात, हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. तिखट आणि काळजी ही कारणं नव्हेत. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना काही होत नाही, काहींना अल्सर होतो.

आता विचार करा. त्या शेकडो वनस्पतींची परीक्षा ज्या उंदरांवर झाली त्यांच्या पोटात हा जंतू नव्हता. पुढे जर्बिल नावाच्या उंदरासारख्याच प्राण्यात तो वाढवता आला, पण तोवर प्रश्नपत्रिका दुसऱ्याच विषयाची होती.

हे सगळं ऐकत होतो तेव्हा माझ्या मनात एकच तारीख फिरत होती. १९८४ ला मार्शलने जंतू पिऊन दाखवला, १९८६ ला अण्णांची नस कापली. दोन वर्षं. दोष कोणाचा नाही. ती बातमी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाच पटायला आणखी दहा वर्षं लागली. पण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी भागलं असतं, हे कळल्यावर त्या रविवारी मी चहा न घेताच उठलो.

बरं, पोट सोडा, बशीत तरी जंतू मारून बघू, असं शास्त्रज्ञ पुढे म्हणालेच. रुमी मस्तकी तुम्हाला माहीत आहे, जुन्या पाकात घालत, एका झाडाचा डिंक. १९९८ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांनी छापलं की मस्तकी बशीत हा जंतू मारते. जगभर बातमी झाली, कॅप्सूल विकल्या गेल्या. २००३ साली त्याच नॉटिंगहॅममध्ये तीच मस्तकी जंतू असलेल्या काही माणसांना दोन आठवडे दिली. पोटातल्या जंतूला काही झालं नाही. बशीत जंतू उघडा पडलेला असतो, पोटात तो चिकट थराखाली लपून बसतो आणि औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. 'मारते' हेही नॉटिंगहॅमने छापलं, 'मारत नाही' हेही नॉटिंगहॅमनेच.

आता माणसांवरच्या चाचण्या. इथे माझी एक जुनी गोष्ट सांगतो. मी पूर्वी एका शेडमध्ये होतो, कुठल्या ते विचारू नका. तिथे कॉम्प्रेसर तापायच्या फार तक्रारी. ऑक्टोबरमध्ये नवीन कंपनीचं तेल आलं, आणि जानेवारीपर्यंत तक्रारी निम्म्यावर! साहेबांनी वर पत्र पाठवलं, तेलाची स्तुती. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला बाजूला घेऊन विचारलं, "निम्मी इंजिनं जुन्या तेलावर का नाही ठेवली, साहेब?" एप्रिलमध्ये तक्रारी पहिल्याइतक्याच झाल्या. तेलाने नव्हे, थंडीने काम केलं होतं.

अल्सर हा कॉम्प्रेसरसारखाच आहे, तो येतो-जातो. औषधांच्या चाचण्यांत नुसती पिठाची गोळी दिलेल्या लोकांचेही अल्सर महिन्याभरात तीस-चाळीस टक्के भरलेले दिसले आहेत. हा आकडा डोक्यात ठेवा आणि मग बघा. १९४९ साली कॅलिफोर्नियात चेनी नावाच्या डॉक्टरने १३ रुग्णांना रोज लिटरभर कोबीचा कच्चा रस पाजला. त्यांतल्या सात जणांचा लहान आतड्यातला अल्सर सरासरी १०.४ दिवसांत भरला, एरवी ३७ दिवस लागत. कोबीतल्या त्या गुणाला 'व्हिटॅमिन यू' असं नावही पडलं. पण ते ३७ दिवस कोणाचे? दुसऱ्या डॉक्टरांनी पूर्वी छापलेल्या, दुसऱ्याच रुग्णांचे. निम्मी इंजिनं जुन्या तेलावर नव्हती. २००१ साली थायलंडहून हळदीचा अहवाल आला. अल्सरचे २५ रुग्ण, चार आठवडे हळदीच्या कॅप्सूल, १२ जणांचा अल्सर गेला. शेकडा ४८. ऐकायला छान आहे, पण शेजारी पिठाच्या गोळीची टोळी नव्हती, तेव्हा यातले किती हळदीचे आणि किती आपोआप, हे त्या अहवालातून सांगता येत नाही. कोलकात्याला २००४ साली कडुनिंबाच्या सालीच्या अर्काने माणसांतलं आम्ल जवळजवळ तीन चतुर्थांश कमी झालेलं दाखवलं. हे मला जास्त आशेचं वाटतं, कारण तिथे आम्ल मोजलं होतं, नुसतं 'बरं वाटतं' विचारलं नव्हतं. पण रुग्ण मोजके होते.

आणि आता ज्येष्ठमध, ज्याच्यासाठी मी उभा आहे. ही एक वनस्पती अशी, जी माणसांच्या परीक्षेत खरोखर पास झाली. १९४६ साली हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की एका औषधविक्याच्या ज्येष्ठमधाच्या काढ्याने अल्सरचे रुग्ण सुधारताहेत. त्याने देऊन बघितलं, गुण आला. पण पाचातल्या साधारण एकाचा चेहरा आणि पाय सुजले. त्याने दोन्ही लिहिलं. पुढे इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातल्या पदार्थापासून कार्बेनोक्सोलोन नावाचं औषध तयार केलं, आणि १९६२ साली रिचर्ड डॉलने त्याची चाचणी छापली. हा तोच डॉल ज्याने १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांची सांगड घातली. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि एक्स-रेवर अल्सरचा आकार मोजायचा. जठराचे अल्सर औषधाने जास्त भरले. म्हणजे आमच्या आईचा डबा अगदीच निराधार नव्हता! कार्बेनोक्सोलोन बरीच वर्षं विकलं गेलं.

पण सूजही त्याच्याबरोबर आली. कारण असं. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं एक द्रव्य असतं. मूत्रपिंडात त्याला निकामी करणारी एक यंत्रणा आहे, नाहीतर ते मीठ धरून ठेवायची खूण देत बसेल. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा गोड पदार्थ नेमकी तीच यंत्रणा बंद पाडतो. मग शरीर मीठ आणि पाणी धरतं, पोटॅशियम लघवीवाटे सोडतं. पाय सुजतात, रक्तदाब वाढतो, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. तो तरुण डॉक्टर ज्योतिषी नव्हता, त्याने पोटॅशियम वाचलं होतं.

यावर उपाय म्हणून ते ग्लिसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध आला. सूज गेली. पण १९७८ साली इंग्लंडमध्ये अल्सरच्या ९६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा तो बिनऔषधाच्या गोळीहून खात्रीने सरस ठरला नाही. निदान त्या चाचणीपुरतं, काटा काढला तर गुणही गेला. तोवर १९७६ साली सिमेटिडिन आलं होतं, पुढे १९८८ ला ओमेप्राझोल, आणि कार्बेनोक्सोलोन मागे पडलं.

आता माझी जळजळ का थांबली, ते बघा. मी स्वतःलाच मिस्त्रीचा प्रश्न विचारला. पूड सुरू केली त्याच आठवड्यात मी मिरची सोडली होती, रात्रीचा चहा सोडला होता, आणि आम्ल मारायचं गुलाबी औषधही मधूनमधून घेत होतो. आणि सगळ्यात मुख्य, मी रोज दोन दुखण्याच्या गोळ्या खात होतो! दुखण्याच्या गोळीने झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, कारण गोळी त्याचंही दुखणं मारते. वॉर्निंग लॅम्पची वायर कापली की दिवा विझतो. मी त्याला दुरुस्ती समजलो. म्हणजे पुडीने किती, मिरचीने किती, गोळीने किती, हे एकाच माणसावर कधीच कळणार नाही. त्यासाठीच टोळ्या लागतात.

उपचार अगदी साधा झाला. दुखण्याच्या गोळ्या बंद, दोन आठवडे प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, आणि पुढे काही आठवडे आम्लाचीच गोळी. सगळ्या गोळ्या बंद करून महिना झाल्यावर एका पिशवीत फुंकर मारून घेतली, जंतू गेला का ते बघायला. गेला होता. ही शेवटची तपासणी पुष्कळ जण करत नाहीत, बरं वाटलं की सोडून देतात. इंजिन दुरुस्त झालं आणि लोड टेस्ट नको म्हणाल का? आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं तर चार दिवस थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं हे खरं, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. त्याच दिवशी.

एक गोष्ट राहिली होती, आईला सांगायची. फोनवर मी फक्त अल्सर झाला एवढंच सांगितलं होतं, पुडीचं नाव काढलं नव्हतं. गेल्या उत्सवाला ती काशीला आली. स्वयंपाकघरात बसून तिला सगळं सांगितलं, रेव्हर्स, पोटॅशियम, जंतू, सगळं. ती ऐकत राहिली, हाताने मोदकाच्या कळ्या पाडत. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या अण्णांना बारा वर्षं उगीच देत होते?" मी म्हटलं, उगीच नाही, आई, थोडा गुण होता त्यात, इंग्लंडमध्ये त्याचं औषध केलं होतं. ती म्हणाली, "मग त्यांचे पाय सुजायचे ते?" याचं उत्तर मी दिलं नाही. तिला ते मिळालं होतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तो जंतू माझ्याही पोटात असेल का रे?" असेल, म्हटलं. तिला काही त्रास नाही, म्हणून तपासणी केली नाही.

या वर्षीही तिने डबा पाठवला आहे, लहान. आरत्या म्हणून घसा बसला की मी चिमूटभर तोंडात धरतो, उत्सवाचे दहा दिवस, नंतर नाही. आपल्यातल्या ज्या काकांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी काल मागितला होता. त्यांना मी खडीसाखर दिली. ते रागावलेले आहेत, समोरच बसले आहेत.

आता पंगत मांडून झाली असं मागून खुणावताहेत. गणपती बाप्पा मोरया.